गिरण चालू असताना आफरीनला सगळं येतं

आफरीनवर अन्याय झाला तो शाळा उघडल्यावरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, प्रार्थना संपून हजेरी सुरू व्हायच्या आधी. जागा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका शाळेतला पहिलीचा वर्ग. अन्याय करणारे मुख्याध्यापक. साक्षीला पहिलीची सगळी पोरं आणि दारात उभी असलेली तिची आई, शबानाभाभी.

आफरीन सात वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. स्वतःत मग्न असलेली माणसं मी सरकारी ऑफिसांत भरपूर बघितली आहेत, त्यांना कुणी सर्टिफिकेट देत नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर आवाज, चेहरे, शब्द हे सगळं तिच्या डोक्यात वेगळ्या वाटेनं जातं. ती फार कमी बोलते. पाणी, नको, अब्बा, झालं. बहुतेक दिवस एवढ्यावर भागतं.

मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले, हात वर कर. तिनं केला नाही. म्हणाले, फळा कुठाय दाखव. तिनं दाखवला नाही. मग म्हणाले, बरं, आई कुठाय तुझी? तेव्हा आफरीननं हात वर केला. वर्ग हसला. सरही हसले. मग दाराकडं वळून शबानाभाभीला म्हणाले, "बघितलासा न्हवं? आई कुठाय म्हटलं तर हात वर करतीया. हिला काय कळत न्हाय. नाव पटावर ऱ्हाऊ दे, तुम्ही घरीच शिकवा. मॅडम येतील घरी."

त्या मॅडम म्हणजे मी.

मी शिक्षण खात्यात कंत्राटावर विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना शिकायला वेगळी पद्धत लागते, त्यांना शिकवायचं आणि त्यांच्या शिक्षकांना शिकवायचं, असं माझं काम. पहिलं काम सोपं आहे.

'होम-बेस्ड' हा आमच्या खात्यातला शब्द. जे मूल अंथरुणातून उठू शकत नाही, ज्याला शाळेपर्यंत नेणंच अवघड आहे, त्याच्यासाठी केलेली ही सोय. नाव शाळेत, मूल घरी, आणि आठवड्यातनं एक-दोनदा माझ्यासारखी कुणीतरी पिशवी घेऊन दारात. सोय चांगली आहे. पण ती आईबापांनी मागायची असते. शाळेनं नको असलेलं मूल ढकलायला वापरायची नसते. आफरीन चालते, पळते, जिने चढते. तिच्या अब्बांची, सलीमभाईंची, पिठाची गिरण आहे आणि मागच्या खोल्यांत घर. गिरण बंद असली की शाळेची घंटा घरात ऐकू येते. एवढी जवळ.

मी आधी सरांनाच गाठलं. त्यांनी चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, काम होणार नाही. त्यांचं म्हणणं असं की वर्ग दाटीनं भरलाय, बाई एकच, आणि एका पोरीपायी बाकीची चाळीस पोरं का थांबवायची? मी म्हटलं, कायद्यात हा तिचा हक्क आहे. ते म्हणाले, "मॅडम, कायदा मलाबी पाठ हाय. वर्ग कोण घेणार, ते कायद्यात लिवलेलं न्हाय." शेवटी ठरलं ते असं. दिवाळीआधी विस्तार अधिकारी व्हिजिटला येतील. विस्तार अधिकारी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. ते स्वतः आफरीनला बघतील आणि तिला वर्गात घ्यायचं की घरी ठेवायचं ते सांगतील.

ऐकायला हे रास्त वाटतं. पण मला त्यात धोका दिसत होता. कारण एकदा होम-बेस्ड म्हणून वर्ष गेलं की पुढचं वर्ष आपोआप तसंच जातं. मग त्याच्या पुढचं. आठवीपर्यंत पटावर असलेली आणि एकदाही वर्गात न बसलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांना वर्गातल्या एकाही पोराचं नाव माहीत नसतं. साहेबांसमोर आफरीन गप्प राहिली, तर तिची शाळा तिथंच संपणार होती.

तर मी कामाला लागले. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगतात, मुलाला शांत कोपरा द्या. आवाज नको, वर्दळ नको. आतल्या खोलीत आम्ही सतरंजी टाकली, खिडकीला ओढणी बांधली. माझ्या पिशवीत खात्यानं दिलेली चित्रांची कार्डं होती. सफरचंद, आगगाडी, सिंह, बर्फातला माणूस. कोल्हापुरातल्या पोरीला बर्फातला माणूस ओळखायला लावणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

गिरणीचा आवाज आत कमी यायचा, हे खरं. पण माणसं यायची. दळणाचा डबा बाहेर ठेवला की बायका आत येऊन टेकायच्या. त्यांत सुमनमावशी आघाडीवर. गल्लीच्या तोंडाला राहतात, मोठा आवाज, मोठं मन. मी आफरीनसमोर केळ्याचं कार्ड धरून विचारायची, हे काय? तोंड मिटायच्या आत मावशी बोलायच्या, "सांग की गं बाळा, के... के... केळं! आली बघा, वटावर आलंय तिच्या." आणि बक्षीस म्हणून हातात बिस्कीट. उत्तर मावशींचं, बिस्कीट आफरीनला. शबानाभाभीचंही तेच. आफरीन, हे काय गं, गाय न्हवं, गाय म्हण. प्रश्न आणि उत्तर एका श्वासात. आमच्या धंद्यात याला प्रॉम्प्ट म्हणतात, म्हणजे मुलाला पुढं ढकलणारी खूण. थोडी दिली तर मूल चालायला लागतं. सारखी दिली तर मूल समजतं की बोलणं हे दुसऱ्यांचं काम आहे.

मावशींना मी हे समजावलं. त्या म्हणाल्या, "बाई, पोर अडलंया आणि मी तोंड शिवून बसू? आमच्यात तसं न्हाय." खरंच नाही. या गल्लीत पत्ता विचारला तर माणूस घरापर्यंत सोडायला येतो. मायेनं काठोकाठ भरलेली माणसं. आणि त्या मायेखाली आफरीनला तोंड उघडायला जागाच नव्हती. धडा सुरू झाला की ती कॉटखाली जाऊन बसायची.

शबानाभाभी एक दिवस माझ्यावरच उसळली. म्हणाली, "तुम्ही आठवड्यातनं दोनदा येतासा, हे करा ते करा सांगून जातासा. मागं समदं माझ्याच डोक्यावर. सैपाक, गिऱ्हाईक, सासऱ्यांचं औषध, आणि ही. मी काय मास्तरीन हाय व्हय? शाळेचा पगार मला देतील काय?" तिचं खरं होतं. शाळा म्हणते घरीच शिकवा, तेव्हा त्या वाक्यात 'कुणी' हा शब्द गाळलेला असतो. तो बाप कधीच नसतो, काका नसतो. ती आई असते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

नंतर एकदा मी गेले तर आतली खोली रिकामी. आफरीन गिरणीत होती. मला वाटलं, एवढा आवाज, ही पोर कानांवर हात धरून रडत असणार. तर ती नाकाला रुमाल बांधून, डब्यांच्या रांगेजवळ पालथ्या घमेल्यावर बसलेली. पापण्या पिठानं पांढऱ्या. चेहरा असा निवांत, की मी तो आतल्या खोलीत एकदाही बघितला नव्हता.

गिरण चालू असली की तिथं कुणी कुणाशी बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. सगळा कारभार हातांनी. बाईनं दोन तळवे एकमेकांवर थापटले की भाकरीचं पीठ, म्हणजे शाळू. शाळू म्हणजे आमच्याकडची हिवाळी ज्वारी. लाटणं फिरवल्यासारखा हात केला की गहू. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं की बारीक दळा. सलीमभाई मान हलवतात, आणि समोरच्याचा चेहरा बघत थांबतात, बरोबर समजलं का म्हणून. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं आणि हातांकडं बघतात. घाई करून चालत नाही, कारण आधीचं दळण संपल्याशिवाय पुढचं पडतच नाही.

त्या पत्र्याच्या खोलीत न बोलणारी माणसं सगळीच होती. आफरीन त्यांच्यातली एक. सुमनमावशी समोर तळवे थापटत उभ्या होत्या, तोंड बंद. आयुष्यात पहिल्यांदा. आफरीननं त्यांच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, उठली, आणि शाळूच्या डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

मी कार्डं पिशवीत टाकली ती परत काढली नाहीत.

त्यानंतर आमची शाळा गिरणीतच भरली. सकाळी गर्दी ओसरली की एक-दोन दळणं चालू असताना. तीन वाट्या मांडायच्या, शाळू, गहू, तांदूळ. हातानं खूण केली की तिनं ते धान्य पुढं करायचं. मग झाकणांवर खडूनं शब्द लिहिले आणि शब्दासमोर धान्य ठेवायला लावलं. ते जमलं, म्हणजे ती वाचायला लागली. वाचन म्हणजे काय वेगळं असतं? मग ताटात पीठ पसरून त्यात बोटानं अक्षर. चुकलं तर ताट हलवायचं, पाटी कोरी. हे रोज करून घेतलं ते शबानाभाभीनं. सुरुवातीला कुरकुरत, मग हट्टानं. मी फक्त पुढचा टप्पा दाखवायची. ताटात 'गहू' उमटला त्या दिवशी सलीमभाईंनी दळण अर्धवट सोडून गल्लीत चार जणांना बोलावून आणलं. तोवर आफरीननं ताट हलवून टाकलं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही.

मला वाटलं, गणित सुटलं. तिला खुणा कळतात, बोलणं कळत नाही. मी साहेबांना फोन करून सांगितलं की मुलीला शाळेत बघू नका, गिरणीत बघा. ते म्हणाले, गिरणीत? मी म्हटलं, हो, आणि पांढरा शर्ट घालून या, म्हणजे पीठ दिसणार नाही. ते हसले आणि हो म्हणाले. चांगले गृहस्थ होते, फक्त फार घाईत. त्या दिवशी त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या.

साहेब आले, बरोबर मुख्याध्यापक. गिरण चालू. मी साहेबांना खुणा आधीच शिकवून ठेवल्या होत्या. त्यांनी तळवे थापटले. आफरीननं बघितलं, वेळ घेतला, शाळूची वाटी पुढं केली. त्यांनी लाटणं फिरवलं. गहू. झाकणावरच्या खडूच्या शब्दावर बोट ठेवलं. तांदूळ. साहेबांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. रांगेतल्या बायका पदराआड हसत होत्या. मुख्याध्यापक दाराला टेकून उभे, कोटावरचं पीठ झटकत. शबानाभाभी हातात फडकं पिळत होती.

आणि लाईट गेली.

पट्ट्याचा वेग उतरत गेला, मोटर घरघरली आणि थांबली. एकदम शांतता. ती क्षणभरच टिकली, मग सगळे एकदम बोलायला लागले. बायकांनी लाईट बोर्डाचा उद्धार केला. सुमनमावशी म्हणाल्या, आत्ताच जायची हुती मेली. साहेब म्हणाले, बरं झालं, आता तोंडी विचारून बघू. आणि वाकून सुरू झाले. बाळ, तांदूळ दाखव बघू. आफरीन त्यांच्या शर्टच्या बटणाकडं बघत राहिली. बरं, मग गहू दाखव. काही नाही. बरं ते जाऊ दे, तुझे अब्बा कुठायत?

आफरीननं तांदळाच्या वाटीत हात घातला.

मुख्याध्यापक पुढं आले. "हेच, साहेब. वर्गातबी हेच झालं. बाप कुठाय तर तांदूळ. गिरणीत जमतंय म्हणून मी वर्गात गिरण आणून बसवू काय?"

मी भांडायला तोंड उघडलं. साहेब घड्याळ बघत होते. सलीमभाई सरांना काहीतरी सांगत होते, सर त्यांना. सगळे एकमेकांकडं बघून बोलत होते आणि तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. मी बघितलं, ते केवळ सवयीनं. तिनं मूठभर तांदूळ साहेबांच्या बुटासमोर जमिनीवर ठेवले. मग थांबली. मग गव्हाच्या वाटीत हात घातला, मूठभर गहू तांदळाशेजारी ठेवले. मग परत थांबली. मग वळली आणि सलीमभाईंच्या पाठीवर बोट टेकलं. म्हणाली, अब्बा.

तांदूळ. गहू. अब्बा.

मी ओरडले की काय आठवत नाही, पण सगळे गप्प झाले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही हिला काय काय विचारलंत ते क्रमानं सांगा. ते म्हणाले, तांदूळ दाखव म्हटलं. मग गहू. मग... ते खाली बुटाकडं बघत थांबले. तांदळाची ढिगुळी, तिच्याशेजारी गव्हाची, आणि बापाच्या पाठीवर अजून टेकलेलं ते बोट.

तिला बोलणं कळत होतं. सगळं कळत होतं. फक्त प्रश्न आत जाऊन उत्तर बाहेर यायला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात आपण पुढचा प्रश्न टाकून मोकळे व्हायचो. ती एकही उत्तर चुकत नव्हती. ती मागच्या प्रश्नांचा हिशेब पुरा करत होती. गिरणीत तिला येत होतं ते खुणांमुळं नव्हे. गिरणीत आपल्याला गप्प बसावं लागत होतं, म्हणून.

आमच्या ट्रेनिंगमध्ये याला वेट टाइम म्हणतात. विचारल्यावर थांबायचं. तो धडा चहाच्या सुट्टीच्या आधी उरकून घेतात.

मग शबानाभाभी बोलली. आवाज चढवला नाही. "सर, त्या सोमवारी वर्गात तुम्ही हिला पयलं काय विचारलं हुतासा?"

सरांनी आफरीनच्या हाताकडं बघितलं. त्यांना आठवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हात वर कर, असं म्हटलं होतं. आणि तिनं तो केला होता. पोरं हसली तेव्हा तो वरच होता.

"बरोबरच केलं हुतं की हो तिनं," शबानाभाभी म्हणाली. वाकून तिनं तांदूळ आणि गहू वेगवेगळे गोळा केले.

साहेबांनी तिथंच सांगितलं, मुलगी वर्गात बसेल. सर म्हणाले, बसू दे, पण एवढं थांबायला वेळ कुठनं आणू? हा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी मधल्या सुट्टीपर्यंत शाळा आणि उरलेलं घरी गिरणीत, असं ठरलं. अर्धा विजय. मला अर्धे विजय आवडत नाहीत, पण मी तो घेतला.

वर्गाच्या बाईंना मी एकच गोष्ट शिकवली. आफरीनला काही विचारलं की स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचं आणि तिच्याकडं बघत राहायचं. बाई आठवडाभर विसरल्या. पोरं विसरली नाहीत. पहिलीच्या पोरांना मोठ्या माणसांवर लक्ष ठेवायला फार आवडतं. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं की मागच्या बाकावरनं आवाज येतो, बाई, थांबा की जरा, ती सांगालीया. आणि ती सांगते. सगळी वळून बघतात तोवर.

हे गोड वाटत असेल तर पुढचं ऐका. सहामाहीच्या तोंडी परीक्षेला दुसऱ्या तुकडीच्या बाई आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रश्नावर प्रश्न, प्रत्येकापुढं शून्य. मी भांडून परीक्षा परत घ्यायला लावली, पण दरवेळी मी तिथं नसणार. माझं कंत्राट मार्चला संपतं. सुमनमावशी अजून के... के... करतात, आता निदान करून झाल्यावर जीभ चावतात.

या सगळ्यात मला कळलं ते एवढंच. थांबायला पैसे लागत नाहीत. म्हणून त्यासाठी बजेट नसतं, टेंडर नसतं, उद्घाटन नसतं, आणि म्हणूनच ते कुठल्याच शाळेत होत नाही. खात्याकडनं बर्फातल्या माणसाची कार्डं वेळेवर येतात.

आता तुमचं काम सांगते. तुम्ही हे वाचून चुकचुकाल आणि पान उलटाल, ते नको. तुमच्या घराजवळ शाळा आहे. उद्या तिथं जा. मुख्याध्यापकांना विचारा, पटावर आहे पण वर्गात नाही असं मूल कुठलं, आणि ते घरी का आहे? ते तुमच्यासाठी चहा मागवतील. विषय बदलतील. तुम्ही पुढचा प्रश्न विचारू नका. ओठांवर बोट ठेवा, त्यांच्या तोंडाकडं बघत राहा, आणि उत्तर येईपर्यंत त्या खुर्चीवरनं उठू नका.